निवेदन द्यायचं तरी कुणाला? : वाडीच्या शाळेसाठी केलेली खटपट

कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याबद्दलचं शिक्षण आयुक्तांचं पत्र निघालं २१ सप्टेंबर २०२३ ला. त्याच दिवशी कोकणात घरोघरी गौरी आल्या होत्या. चाकरमानी गावी आले होते, एरवी कुलूप असलेली घरं उघडली होती. शाळेच्या पडवीत मुंबईकर मंडळाची सभा झाली. साकवाच्या, म्हणजे वहाळावरच्या फळ्यांच्या पुलाच्या दुरुस्तीवर, देवळाच्या वर्गणीवर, पाण्याच्या टाकीवर बोलणं झालं. सगळं गाव एका जागी असण्याचे वर्षातले तेवढेच दिवस. पत्राची बातमी आमच्यापर्यंत पोचली तोवर गणपती विसर्जन होऊन गाड्या विरार-दिव्याकडे परतल्या होत्या.

पत्रात असं होतं की २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभाराव्यात आणि जिल्ह्यांनी त्याचे प्रस्ताव १५ ऑक्टोबरपर्यंत पाठवावेत. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातलं पानशेत इथल्या समूह शाळांचे दाखले दिले होते. त्या वेळी राज्यात २० पर्यंत पट असलेल्या १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांहून जास्त मुलं शिकत होती. आमची शाळा त्यांतलीच. चौथीपर्यंतचे वर्ग, पट अकरा, शिक्षक दोन. मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष, कारण माझी धाकटी तेव्हा दुसरीत होती आणि सह्या, अर्ज, बँकेची कामं करायला बाकीच्या आया मलाच पुढे करायच्या.

त्या पत्रामागे काहीच विचार नव्हता असं मी म्हणणार नाही. अकरा मुलांत खो-खोचे दोन संघ होत नाहीत. पहिली ते चौथी एकाच खोलीत बसतात, गुरुजी एका इयत्तेला फळ्यावर गणित देतात आणि दुसरीला वाचायला बसवतात. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असेल, ग्रंथालय असेल, बरोबरीची मुलं असतील, हे आम्हालाही कळतं. आमचं म्हणणं एवढंच होतं की सहा वर्षांचं पोर तिथवर जाणार कसं ते आधी ठरवा, आणि ठरवताना आम्हाला विचारा. हे म्हणणं योग्य माणसाच्या कानावर घालण्यात पुढचा सगळा काळ गेला, आणि ते त्याच्या कानावर पडलं की नाही हे मला आजही सांगता येत नाही.

सुरुवात झाली केंद्रप्रमुखांपासून, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांपासून. ते आले, चहा घेतला आणि म्हणाले, "ताई, समितीचा एक ठराव लागेल. समायोजनाला, म्हणजे शाळा दुसऱ्या शाळेत मिसळायला, हरकत नाही म्हणून."

मी म्हटलं, "साहेब, पत्र दाखवा."

"पत्र ग्रुपवर आलंय. तुम्हाला वेगळं येणार नाही."

"मग ठरावात कशाचा संदर्भ लिहू?"

ते भला माणूस. त्यांनी मोबाइल पुढे केला, मी पत्र वाचलं. खाली प्रती कुणाकुणाला पाठवल्या ते होतं, त्यात शाळा व्यवस्थापन समितीचं नाव नव्हतं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा आम्ही करायचा, अनुदानाचा हिशोब आम्ही बघायचा, पोषण आहाराची चव आम्ही घ्यायची. शाळा राहणार की जाणार हा प्रश्न आला तेव्हा मात्र आमच्याकडून हवी होती ती सही. आम्ही सभा घेतली आणि विरोधाचा ठराव केला. केंद्रप्रमुखांनी तो घेतला, पण पुढे पाठवला की फायलीत लावला हे त्यांना विचारलं तर ते फक्त "पाठवलाय वर" एवढंच म्हणायचे.

मग ग्रामसभा. २ ऑक्टोबरची ग्रामसभा ठरलेलीच असते. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं लागतात, यातला जो आकडा कमी असेल तो. आमच्या गावाच्या मतदारयादीत नावं भरपूर आहेत, पण त्यांतली निम्मीशिम्मी माणसं मुंबईत. जी गावात आहेत त्यांचं हळवं भात तेव्हा कापणीला आलेलं. पाऊस उघडीप देतो त्या चार दिवसांत भात आडवं केलं नाही तर दाणा शेतात गळतो. सभेला आलेल्यांची मोजदाद झाली, गणपूर्ती झाली नाही, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून ती पुढे झाली आणि आमचा ठराव एकमताने मंजूरही झाला. पण "एकमताने" या शब्दाच्या वर उपस्थिती लिहिलेली असते, आणि पुढे एका कार्यालयात तीच उपस्थिती बोट ठेवून मला दाखवण्यात आली. "एवढ्याच लोकांचा विरोध आहे का?" असं विचारलं गेलं. शेजारच्या गावाची तर ग्रामसभाच झाली नाही. त्या ऑक्टोबरात राज्यातल्या २,३५९ ग्रामपंचायतींच्या निवडणुकांची आचारसंहिता लागली होती आणि ते गाव त्यांत होतं.

ग्रामसेवकांनी ठराव लिहिताना प्रामाणिकपणे सांगितलं, "वहिनी, ठराव घ्यायला काहीच हरकत नाही. पण शाळा जिल्हा परिषदेची. तिथे ग्रामसभेचा ठराव बंधनकारक नाही."

बरं, जिल्हा परिषदेत जावं तर तिथे निवडून आलेलं कुणीच नव्हतं. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि गटरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि निवडणुका लांबत गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला तोवर तीन वर्षं उलटली होती. एरवी आमच्या गटाचा सदस्य असता, जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीत हा विषय आला असता, कुणीतरी उभं राहून भांडलं असतं आणि ते इतिवृत्तात लिहिलं गेलं असतं. तोवर कारभार प्रशासकाकडे, म्हणजे अधिकाऱ्याकडेच. प्रशासकाच्या काळात शिक्षण समिती नाही, सर्वसाधारण सभा नाही. प्रस्ताव मांडणारे, तपासणारे आणि मंजूर करणारे सगळेच अधिकारी. एकेक अधिकारी वाईट होता असं नाही. पण माझ्या मतावर ज्याचं पद अवलंबून आहे असा एकही माणूस त्या इमारतीत नव्हता, आणि सामान्य माणसाचं म्हणणं ऐकलं जाण्यात या एका गोष्टीचा किती मोठा वाटा असतो ते मला तेव्हा कळलं.

म्हणून मग आम्ही निवेदनं द्यायला लागलो. गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी प्राथमिक, मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हाधिकारी, आमदार. प्रत्येकाच्या तीन प्रती: एक द्यायची, एक पोच घ्यायची, एक फायलीला. आवक-जावकच्या टेबलावर पोच मिळवणं हेच एक काम असतं. बाई शिक्का मारतात, पण आवक क्रमांक टाकत नाहीत. क्रमांक नसलेली पोच म्हणजे नंतर काही विचारायला गेलं की "असा अर्ज दिसत नाही." त्यामुळे मी तिथेच उभी राहायचे, रजिस्टरमध्ये नोंद होईपर्यंत. मागे रांग वाढायची, लोक चुळबुळ करायचे, मला त्यांचंही वाईट वाटायचं. त्यांच्या एस.टी.ची वेळ झालेली असायची, आणि माझ्याही.

उत्तरं आली. अगदीच आली नाहीत असं नाही. एकाचा मजकूर मला पाठ आहे: "सदर बाब शासन स्तरावरील धोरणात्मक असल्याने या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही." दुसऱ्या कार्यालयाने आमचं निवेदन "उचित कार्यवाहीस्तव" खाली पाठवलं आणि ते फिरत फिरत परत त्याच केंद्रप्रमुखांच्या हातात आलं, ज्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे ठराव मागितला होता. शासनाचं म्हणणं, आम्ही फक्त प्रस्ताव मागवलेत. जिल्ह्याचं म्हणणं, आम्ही फक्त माहिती पाठवतोय. तालुक्याचं म्हणणं, वरून आदेश आहे. तीन जागी विचारलं तर तिन्ही जागी निर्णय दुसराच कुणीतरी घेत होता.

लोकशाही दिनाबद्दल मला फार आशा होती. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी स्वतः बसतात, समोर सगळ्या खात्यांचे अधिकारी असतात. अर्ज पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात द्यायचा. मी नमुना घेतला आणि सूचना वाचल्या. त्यात लिहिलं होतं की तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी. मी त्या टेबलावरच्या मुलाला म्हटलं, "दादा, शाळा माझ्या एकटीची कशी असेल?" तो म्हणाला, "ताई, मग तुमच्या मुलीपुरतं लिहा." मी तसं लिहिलं. माझ्या मुलीला दूरच्या शाळेत जाणं अडचणीचं होईल, असं. सुनावणीत उत्तर मिळालं की आपल्या पाल्यास प्रवासाची सोय देण्याबाबत विचार करण्यात येईल. म्हणजे एका मुलीपुरता तोडगा निघाला, आणि धोरणाबद्दल त्या खोलीत कुणाला एक शब्द बोलावा लागला नाही. राज्य सरकारच्या "आपले सरकार" या तक्रारींच्या पोर्टलवरही तेच झालं. २१ दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. ते पाळलं गेलं. तक्रार "निकाली" निघाली, कारण संबंधित कार्यालयाकडे ती वर्ग केली होती.

मी हे पुन्हा पुन्हा लोकांना सांगते, कारण मला यातच सगळ्याची मेख दिसते. रेशनकार्डावर नाव चढलं नाही, सातबारावर चुकीची नोंद झाली, विजेचं बिल जास्त आलं, तर सरकारदरबारी जायला दारं आहेत आणि कधीकधी ती उघडतातही. पण सरकारने घेतलेला निर्णयच आम्हाला मान्य नाही, असं सांगायला एका गावासाठी दार नाही. प्रत्येक खिडकीवर तुमची तक्रार आधी लहान करून घेतात, त्या खिडकीत मावेल एवढी, आणि मग ती सोडवतात.

माहिती अधिकारानेच काय ते हाती लागलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, आणि दीडशे शब्दांची मर्यादा. मी आमच्या शाळेच्या प्रस्तावाची प्रत मागितली. तीस दिवसांत काहीच आलं नाही, म्हणून वीस रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील केलं. सुनावणीनंतर प्रत मिळाली, अर्धवट का होईना.

तो कागद मी अजून जपून ठेवलाय. एक तक्ता आहे, प्रत्येक शाळेला एक ओळ. आमच्या ओळीत लिहिलंय: पट ११. समायोजनाची शाळा अमुक. अंतर ०.९ कि.मी. भौगोलिक अडथळे: निरंक, म्हणजे एकही नाही.

महाराष्ट्राच्या शिक्षणहक्क नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. नऊशे मीटर म्हणजे नियमात बसलं. नकाशावर सरळ रेघ मारली तर खरंच तेवढंच अंतर आहे. पण त्या रेघेच्या मधे वहाळ आहे. आषाढ-श्रावणात तो दोन्ही काठ धरून वाहतो. वर साकव आहे, त्याच्या फळ्या कुजलेल्या, आणि पाणी चढलं की मोठी माणसंही तिकडून जात नाहीत. रस्त्याने जायचं तर डांबरी सडकेला वळसा, मग घाटी, मग ती शाळा. सरपंच, पोलीस पाटील आणि आम्ही काही पालक मोटारसायकलच्या मीटरवर ते मोजायला गेलो. २.३ किलोमीटर भरलं. मग पहिलीतल्या एका पोराला त्याच्या आईसोबत चालवलं. पाठीवर दप्तर, हातात डबा. त्याला पाऊण तासाहून जास्त लागला, मधे दोनदा बसला. आम्ही त्याचा पंचनामा केला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, फोटो जोडले. "निरंक" लिहिणारा माणूस आमच्या वाडीत कधी आलाच नव्हता. त्याला तसं वागायचं होतं असंही मला वाटत नाही. त्याच्या पुढ्यात शेकडो ओळींचा तक्ता होता आणि १५ ऑक्टोबरची तारीख होती.

गुरुजींना हे सगळं आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. कुठल्या महिन्यात किती मुलं गैरहजर असतात, वहाळाला पाणी कधी येतं, सगळं त्यांच्या हजेरीपटात होतं. पण ते सरकारी नोकर, सेवेचे वर्तणूक नियम त्यांना लागू. सरकारच्या धोरणाविरुद्ध त्यांनी जाहीर बोलायचं नसतं. शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका, आमच्या बाई, मला एकदा म्हणाल्या, "ताई, तुम्ही विचारा, मी हजेरी दाखवते. पण मी सांगितलं असं म्हणू नका." ज्यांची साक्ष सगळ्यांत खरी, त्यांनाच गप्प बसावं लागतं, आणि बोलायचं राहतं ते आमच्यासारख्यांनी, ज्यांच्याकडे आकडे नाहीत.

आमदारांनी आमचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, ते मी मान्य करते. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन होतं, त्यात विषय काढतो म्हणाले. विषय लागला नाही. तोवर तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनी जाहीर करून टाकलं होतं की एकही शाळा बंद करणार नाही. ऐकून बरं वाटलं, पण त्यामुळे आमचं काम अवघड झालं. जो निर्णय घेतलेलाच नाही असं सरकार म्हणतंय, त्याच्याविरुद्ध लढायचं कसं? पत्रकार म्हणाले, मंत्री नाही म्हणालेत, आता बातमी कसली. उच्च न्यायालयात जावं का, म्हणून एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, तुमच्या शाळेचा बंद झाल्याचा आदेश आणा, मग बघू. आदेश तर नव्हताच. खाली मात्र तक्ते भरले जात होते, आणि जूनमध्ये प्रवेश घ्यायचा की नाही हे विचारायला पालक माझ्या दारात येत होते.

एकदा एका मंत्र्यांचा दौरा आमच्या भागात होता. आम्ही ठरवलं की रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि निवेदन द्यायचं. घोषणा नाहीत, झेंडे नाहीत, बायका आणि मुलं. आदल्या संध्याकाळी पोलीस पाटील घरी आले, चेहरा पडलेला. हातात माझ्या नावाची कलम १४९ ची पोलिसांची प्रतिबंधक नोटीस. कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल, अशा अर्थाची. माझ्या सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा पोलिसांचा कागद घरात आलेला बघत होत्या. त्या म्हणाल्या, "शाळा जाऊ दे, तू नको जाऊस." दुसऱ्या दिवशी मी गेले, पण बरोबर यायला तयार झालेल्या बायकांपैकी फार थोड्या आल्या. त्यांना दोष देणार नाही. घरातल्या पुरुषाची नोकरी मुंबईत, आणि पोलिसांच्या कागदाला काय अर्थ असतो ते समजावून सांगणारं कुणी जवळ नसतं.

या सगळ्यात एक गोष्ट घडत होती, आणि तिच्यापुढे आमचे सगळे अर्ज हरले. पट कमी होत होता.

शाळा बंद होणार अशी नुसती कुजबुज सुरू झाली की आईबाप वाट बघत नाहीत. पोराचं वर्ष वाया जाईल ही भीती मोठी असते. एकाने मुलाला आजोळी पाठवलं. दुसऱ्या घरातली दोन भावंडं बाजारपेठेतल्या इंग्रजी शाळेत गेली, सकाळी व्हॅन येते त्यांना न्यायला. त्यांच्या आईने मला येऊन सांगितलं, रडत. समितीच्या ठरावावर तिची सही होती. मी तिला म्हटलं, तू योग्य केलंस, कारण तिच्या जागी मीही तेच केलं असतं. अकराचे आठ झाले, चौथीतला एक पुढे गेला, सात राहिले. आता कार्यालयात गेलं की समोरचा माणूस शांतपणे विचारतो, "सात मुलांसाठी शाळा?" आमच्या अर्जावर उत्तर यायला महिने लागले आणि त्या महिन्यांत जे झालं तोच आता धोरणाचा पुरावा. ही वाट बघणं आम्हालाच महाग पडतं. उशीर झाला म्हणून सरकारचं काही बिघडत नाही.

१५ मार्च २०२४ ला संचमान्यतेचा शासन निर्णय आला, कमी पटाच्या शाळांना किती शिक्षक द्यायचे त्याचे निकष बदलले. दुसऱ्या दिवशी, १६ मार्चला, लोकसभेची आचारसंहिता लागली. विचारायला गेलं की "जूननंतर या." जून आला, शाळा उघडली. पुढे ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता. लोकशाही दिन नाही, अधिकारी निवडणुकीच्या कामात, गुरुजी मतदारयादीत. निवडणूक हा लोकांनी बोलायचा काळ, आणि नेमका त्याच काळात आमचं म्हणणं ऐकायला कुणी जागेवर नव्हतं.

"मग मतदानातून दाखवा की," असं मला शहरातले नातेवाईक म्हणतात. त्यांना मी विचारते, कसं दाखवू? २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झालं तेव्हा वाडीतल्या बहुतेक बायकांच्या खात्यात लाडक्या बहिणीचे दीड हजार येत होते. ज्या घरात रोख पैसा फक्त मुंबईहून यायचा, तिथे ते दीड हजार किती मोठे असतात हे बाहेरच्याला कळणार नाही. त्याच बायकांना शाळाही हवी होती. पण बटण एकच. रस्ता, पाणी, पैसे, जात, उमेदवाराचा स्वभाव आणि शाळा, या सगळ्यांचं मिळून एकच बटण. आमच्या मताचा अर्थ शाळेबद्दल काय होता, हे कोण वाचणार?

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा विषय पेटला तेव्हा मी तो सगळा घटनाक्रम बारकाईने बघत होते. १६ एप्रिलचा शासन निर्णय, मग १७ जूनचा सुधारित, आणि २९ जूनला दोन्ही मागे. ५ जुलैच्या मोर्चाची घोषणा झाली होती आणि तो निघण्याआधीच सरकारने माघार घेतली. मला आनंद झाला, मराठीसाठी झाला आणि लोकांच्या आवाजाने काही होतं हे दिसलं म्हणूनही झाला. पण तो निर्णय एका दिवशी, एका कागदावर, सगळ्या महाराष्ट्रासाठी आला होता. मुंबई-पुण्यातल्या आईबापांना तो त्याच दिवशी कळला. राजकीय पक्षांना त्यात आपलं काही दिसलं. शाळा बंद होण्याचं तसं नाही. ती एका वाडीत या वर्षी जाते, दुसऱ्या वाडीत पुढच्या. २०१७ च्या डिसेंबरातही दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांच्या समायोजनाचा निर्णय झाला होता. त्या गावांतल्या आया एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत.

इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीच्या मुलांनी वेगळा मार्ग धरला. शाळा बंद झाली म्हणून ती मुलं शेळ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर गेली. दप्तर घ्या आणि त्याच्याऐवजी शेळ्या द्या, असं म्हणत. कॅमेरे आले, सगळ्या राज्याने ते पाहिलं. मला त्या मुलांचा अभिमान वाटला आणि रागही आला, त्यांच्यावर नाही. शिकायला मिळावं म्हणून आठ-दहा वर्षांच्या पोरांना शेळ्या हाकत जिल्ह्याच्या गावी जावं लागतं, आणि सह्या, शिक्के, आवक क्रमांक असलेले आमचे कागद मात्र कपाटात पडून राहतात.

मी काही फार मोठं मागत नाही. एखाद्या वाडीच्या शाळेबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर ज्याला अधिकार आहे त्याने त्या वाडीत यावं, तेही पावसाळ्यात, आणि ग्रामसभेसमोर बसावं. विरोधाचा ठराव आला असेल तर तो का मान्य नाही हे लेखी कळवावं. आणि तो निकाली निघेपर्यंत प्रस्ताव पुढे सरकवू नये, तसं शाळेच्या दारावर लिहून लावावं, म्हणजे पालक घाबरून पोरं काढणार नाहीत. ही तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

आज शाळा चालू आहे. आमचा प्रस्ताव मंजूर झालेला नाही आणि फेटाळलेलाही नाही, निदान तसा कागद मला मिळालेला नाही. राहिलेल्या पानांसाठी केलेलं दुसरं अपील सुनावणीची वाट बघतंय. गुरुजी एकटेच आहेत, बाईंची बदली झाली. या जूनला पहिलीत दोन मुलं आली, त्यातल्या एकीच्या आईला मी दोनदा जाऊन सांगून आले होते की शाळा बंद झालेली नाही.

ज्यांच्या गावात हीच वेळ आलीय त्यांनी ठरावात नुसतं "विरोध आहे" लिहू नका. शाळेपासून शाळेपर्यंतचं पायी अंतर मोजा, पावसाळ्यातलं वेगळं लिहा, वाटेतला ओढा, जंगल, महामार्ग नावानिशी लिहा, लहान मुलाला लागणारा वेळ लिहा, आणि सरपंच-पोलीस पाटलांच्या सह्यांचा पंचनामा जोडा. प्रस्तावाची प्रत माहिती अधिकारात लगेच मागा, उत्तर आलं नाही तर तीस दिवस उलटताच अपील करा, वाट बघत बसू नका. आणि शेजारच्या केंद्रातल्या समित्यांशी बोला. आम्ही आता आमच्या तालुक्यातल्या कमी पटाच्या शाळांच्या अध्यक्षांची यादी करतोय. पुढच्या गणपतीत, मुंबईकर गावात असताना, सगळ्या गावांनी एकाच दिवशी विशेष ग्रामसभा लावावी असं ठरवतोय. ग्रामसेवकांना पत्रं दिली आहेत, या वेळी आवक क्रमांकासकट.